फारसी शिकायचीय? आधी लाचखोर आणि फडणीस पकडा

काय भो, फारसी म्हटलं की लोकं उजवीकडून सुरू होणारी लिपी बघूनच वही मिटतात. लिपी सध्या राहू द्या. 1601 साली अकबरानं असीरगड घेतला, फारुकींचं राज्य गेलं आणि खान्देश मुघलांकडे आला, त्यांचं दफ्तर फारसीत, त्यामुळे फारसी क्रियापदांची शेपटं आपल्या शब्दांना अजून चिकटलेली आहेत, तिथूनच सुरू करा.

लाचखोर घ्या. खोर म्हणजे खाणारा. केळ्याला फारसीत मोज म्हणतात, जळगाववाल्यांनी हा शब्द पहिल्या दिवशीच पाठ करायचा.

मन मोज मीखोरम = मी केळं खातो.

क्रम आपलाच, क्रियापद शेवटी. पण सांभाळा, मीखोरम मधला 'मी' आपला मी नाहीच, तो वर्तमानकाळाची खूण आहे, खरा मी सुरुवातीच्या 'मन'मध्ये आणि शेवटच्या 'अम'मध्ये बसलाय, मी यात महिनाभर गोंधळ घातला. मीखोरी म्हणजे तू खातोस, मीखोरद म्हणजे तो खातो, ती पण मीखोरदच, लिंगाची कटकटच नाही. नाही म्हणायचं तर नेमीखोरम.

फडणीस, चिटणीस मधला नीस म्हणजे नेवीस, लिहिणारा. मन नामे मीनेवीसम, मी पत्र लिहितो. नामे म्हणजे आपल्या पंचनाम्यातलाच.

सातबाऱ्यावरचा भोगवटादार बघा, दार म्हणजे बाळगणारा. मन ज़मीन दारम, माझ्याकडे जमीन आहे. इथं पुढे 'मी' लागत नाही. जमीन नसेल तर नदारम. कारकून म्हणजे कार करणारा, मन कार मीकोनम, मी काम करतो. आणि तमाशा? फिल्म तमाशा मीकोनम म्हणजे फक्त फिल्म बघतो, ढोलकी वगैरे काही नाही.

आपण अडतो ते विशेषणात, तिथं क्रम उलटा होतो आणि मध्ये ए घुसतो. मोज-ए-शीरीन, गोड केळं. बादेंजान-ए-ताज़े, ताजं वांगं (हा शब्द मुळात आपल्याकडूनच तिकडे गेलाय, भरीत मात्र आपलंच).

भुसावळ-जळगाव अप-डाऊन करत असाल तर एका फेरीला एकच क्रियापद घ्या आणि समोर दिसेल ती वस्तू त्यात घालत बसा, नान मीखोरम, चाय मीखोरम, हो, चहासुद्धा खातातच तिकडे. लिपीची 32 अक्षरं नंतर रोज दोन घेतली तरी सोळा दिवसांत होतात.