जुने पीसी भंगारात घालण्याआधी: एक सर्व्हर, बाकी नुसते पडदे

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत माझ्या मावसभावाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ऑफिसात सहा पीसी, सगळे कोअर टू ड्युओच्या जमान्यातले, २ जीबी रॅमचे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनांना दारातही उभं करत नाही. तो भंगारवाल्याला बोलावत होता. म्हटलं, दादा, दोन रविवार दे.

युक्ती साधी आहे. सगळं काम एका दमदार मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, चालतं. जुना पीसी फक्त त्याचं चित्र दाखवतो आणि आपण दाबलेली बटणं तिकडे पाठवतो. म्हणून सहा ठिकाणी थोडा थोडा खर्च करण्यापेक्षा सगळा पैसा सर्व्हरवर लावा. ब्राउझर आणि लिबरऑफिस वापरणारी पाच-सहा माणसं असतील तर आठ कोअर, ३२ जीबी रॅम आणि एसएसडी घ्या.

एक गोष्ट आधीच पाहा. टॅलीसारखं विंडोजचं सॉफ्टवेअर लागत असेल तर त्यासाठी एक विंडोज पीसी वेगळा ठेवा. विंडोज प्रोवर एका वेळी एकालाच रिमोटने बसता येतं. होममध्ये तर ती सोयच नाही. अनेकांना एकदम बसवायचं तर विंडोज सर्व्हर आणि माणशी लायसन्स, म्हणजे खिशाला भोक.

सर्व्हरवर डेबियन १३ ही फुकट मिळणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाका. डेस्कटॉप निवडताना जड नोमची खूण काढून हलका एक्सएफसीई घ्या, मग एक्सआरडीपी हे पॅकेज, जे दुसऱ्या पीसीवरून सर्व्हरचा डेस्कटॉप उघडू देतं. प्रत्येकासाठी वेगळं युजर खातं उघडा आणि राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करून ठेवा.

आता जुने पीसी. आधी झाकण उघडून ब्रशने धूळ काढा. पीसी नुसता बीप देत असेल तर रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासा. माझे दोन पीसी एवढ्यावरच उठले. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदला, नाहीतर रोज सकाळी घड्याळ मागे गेलेलं दिसेल. मग इथेही डेबियन आणि एक्सएफसीईच. मशीन ३२ बिटवालं असेल तर मात्र डेबियन १२ घ्या, कारण १३ मध्ये त्याचा इन्स्टॉलरच नाही.

जुन्या पीसीवर रेमिना, म्हणजे सर्व्हरचा डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्रॅम, इन्स्टॉल करून त्यात आरडीपी (रिमोट डेस्कटॉप) प्रोफाइल बनवा: सर्व्हरचा आयपी, फुल स्क्रीन, कलर डेप्थ १६ बिट. पासवर्ड सेव्ह करू नका, ज्याचा त्याने टाकावा. जुना पीसी सुरू होताच आपोआप लॉगिन व्हावा म्हणून लाइटडीएमच्या (लॉगिन स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिग फाइलमध्ये ऑटोलॉगिन-युजरच्या ओळीपुढचं हॅश काढून खात्याचं नाव लिहा. शेवटी एक्सएफसीईच्या ऑटोस्टार्टमध्ये रेमिनाची कमांड टाका: पुढे डॅश सी आणि त्यापुढे प्रोफाइल फाइलचा पत्ता. बटण दाबलं की पीसी थेट सर्व्हरच्या लॉगिनवर जाऊन उभा राहतो.

माझी अर्धी दुपार गेली ती काळ्या स्क्रीनपायी. पासवर्ड बरोबर, नेटवर्क ठीक, तरी स्क्रीन काळीठिक्कर. केबल बदलली, पॅकेज पुन्हा टाकलं. शेवटी लक्षात आलं, त्याच खात्याने मी सर्व्हरच्या स्वतःच्या मॉनिटरवर लॉगिन करून ठेवलं होतं. तिथून लॉगआउट केलं आणि डेस्कटॉप उघडला. सर्व्हरसमोर बसायला वेगळं खातं ठेवा.

मराठी टायपिंगसाठी आयबस हा भाषा बदलून टाइप करू देणारा प्रोग्रॅम फक्त सर्व्हरवर बसवा. जुन्या पीसीवर इंग्रजी कीबोर्डच राहू द्या, दोन्हीकडे मराठी ठेवलं की अक्षरांचा गोंधळ उडतो. यूट्यूब अडखळतच चालेल. मावसभावाला तर हा फायदाच वाटला.

वायफायच्या नादी लागू नका, केबल टाका. १०० एमबीपीएसचा जुना स्विचही पुरतो. घरून बसायचं म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) उघडा टाकणं म्हणजे रात्री शटर वर ठेवून जाणं. त्यासाठी वायरगार्ड हा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा सुरक्षित खासगी रस्ता, वापरा. यूपीएस एकट्या सर्व्हरला आणि स्विचला असला तरी चालतं. लाइट गेली तर समोरचा पीसी बंद पडतो, पण अर्धवट टाइप केलेलं कोटेशन सर्व्हरवर तसंच उघडं असतं. लाइट आली की परत लॉगिन करायचं आणि पुढची ओळ लिहायची.