व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढत नसेल, तर आधी काय पाहावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील अनेक घरांत व्हॅक्यूम क्लीनर असतो, पण वर्षाचा बहुतेक काळ तो माळ्यावर किंवा जिन्याखाली पडून राहतो आणि गणपती-दसऱ्याच्या साफसफाईला बाहेर काढला जातो. तेव्हा तो आवाज भरपूर करतो, धूळ मात्र ओढत नाही. मग ‘मोटर गेली’ असे ठरवून त्याला पुन्हा माळ्यावर टाकले जाते. अशा बहुतेक यंत्रांची मोटर शाबूत असते, फक्त हवेची वाट तुंबलेली असते, आणि ती मोकळी करणे घरच्या घरी जमण्यासारखे आहे.

यंत्राच्या पोटातील पंखा मिनिटाला 20,000 किंवा त्याहूनही अधिक फेरे घेतो, त्यामुळे आतला हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा धुळीसकट नळीतून आत शिरते. ही हवा पिशवीतून आणि फिल्टरमधून गाळून पुढे जाते, व कोरड्या कचऱ्यासाठीच्या साध्या यंत्रांत तीच हवा मोटरलाही थंड ठेवते. म्हणून पिशवी गच्च भरली किंवा फिल्टर चोंदला, की ओढ तर कमी होतेच, शिवाय मोटर तापू लागते. पंख्याला ढकलायला हवा कमी मिळाल्यामुळे तो अधिक वेगाने फिरतो आणि आवाज चढा होतो. हा चढलेला आवाज म्हणजे जोर वाढल्याची खूण नव्हे. तो ऐकू येताच यंत्र बंद करावे. काही यंत्रे फार तापल्यावर आपोआप बंद पडतात. त्यांचे बटण पुन्हा पुन्हा दाबत बसू नये. प्लग काढून अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यावे आणि तेवढ्यात अडथळा शोधावा.

शोधण्याची रीत सोपी आहे. नळी काढून ठेवावी, यंत्र क्षणभर चालू करावे आणि जिथे नळी बसते त्या तोंडावर तळहात धरावा. तिथे ओढ जोरदार असेल तर अडथळा नळीत किंवा ब्रशमध्ये आहे. तिथेही ओढ नसेल तर दोष पिशवीचा किंवा फिल्टरचा आहे. नळी सरळ ताणून उजेडाकडे धरून पाहावी, किंवा एका टोकातून गोटी सोडून ती दुसऱ्या टोकातून बाहेर पडते का ते पाहावे. अडकलेला बोळा तारेने खुपसून काढू नये, कारण तारेमुळे नळीच्या चुण्या फाटतात आणि फाटलेल्या नळीची ओढ परत येत नाही; टोकाला फडके गुंडाळलेली गुळगुळीत काठी वापरावी.

आपल्या भागात फिल्टर लवकर चोंदतो, त्याला कारणे आहेत. बेळगावच्या पश्चिमेकडील तांबड्या मातीची धूळ अतिशय बारीक असते व ती फिल्टरच्या स्पंजच्या छिद्रांत घट्ट बसते. शहापूर, वडगाव, खासबाग भागातील विणकरांच्या घरांत मागावरच्या सुताची तूस सतत उडत असते. वडगावातल्या अशाच एका घरातील यंत्राचा फिल्टर उघडून पाहिला, तेव्हा स्पंज दिसतच नव्हता. त्यावर तूस आणि माती यांचा जाडजूड नमदा तयार झाला होता, आणि नखाने एक कड उचलताच तो अखंड सोलून निघाला. यंत्रात बिघाड म्हणावा तो एवढाच होता. निपाणीकडे ज्यांच्या घरी तंबाखूचे काम चालते, त्यांनी पिशवी आणखी लवकर बदलावी, कारण तंबाखूचा भुगा पिशवीत साठला की यंत्र सुरू करताच खोलीभर त्याचा वास पसरतो.

पिशवी पूर्ण भरण्याची वाट न पाहता दोन-तृतीयांश भरली की बदलावी. कागदी पिशवी झटकून पुन्हा वापरू नये. कापडी पिशवी घराबाहेर, नाकाला फडके बांधून, उलटी करून झटकावी. स्पंजचा फिल्टर कोमट पाण्यात, साबण न लावता, गढूळ पाणी येणे थांबेपर्यंत दाबून दाबून धुवावा, पिळू नये. घड्यांचा हेपा फिल्टर मात्र, त्यावर धुण्याची परवानगी छापलेली असेल तरच धुवावा. तो 0.3 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 99.97 टक्के कण अडवतो, पण पाण्याने एखादी घडी फाटली तर त्याचा उपयोग संपला. घरात दम्याचा रुग्ण असेल तर या फिल्टरची हयगय करू नये.

सर्वांत जास्त फिल्टर वाया जातात ते ओले बसवल्यामुळे, आणि ही गोष्ट मला या सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उन्हाळ्यात स्पंज सावलीत एका दिवसात वाळतो, परंतु जून ते सप्टेंबर, विशेषतः खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात, दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवूनही तो आतून दमटच राहतो. असा फिल्टर बसवला तर धुळीचा चिखल होतो, बुरशी धरते आणि ओलावा थेट मोटरपर्यंत जातो. वाळल्याची खात्री करण्यासाठी स्पंज कोऱ्या कागदात ठेवून जोराने दाबावा. कागदावर ओलसर डाग उमटला तर आणखी थांबावे. चुलीजवळ किंवा गॅसवर धरून तो वाळवू नये. जादा स्पंज घरात ठेवला तर पावसाळ्यात काम अडत नाही.

फिरत्या ब्रशला गुंडाळलेले केस आणि धागे आठवड्यातून एकदा कात्रीने आडवे कापून काढावेत, मात्र आधी प्लग काढावा. रांगोळी, अगरबत्तीची राख, भिंत घासल्यावर पडलेली पुट्टी आणि सिमेंटची धूळ केरसुणीनेच काढावी. ही भुकटी एकदा ओढली तरी फिल्टर बुजवते. धगधगता निखारा आणि कोरड्या यंत्रात पाणी, ही दोन्ही थेट धोक्याची आहेत.

विजेचेही थोडे पाहावे. 1400 वॅटचे यंत्र 230 व्होल्टवर साधारण 6 अँपिअर वीज घेते, म्हणून ते पंखा-दिव्याच्या छोट्या सॉकेटऐवजी 16 अँपिअरच्या पॉवर पॉइंटला लावणे बरे. वायर पिवळ्या खुणेपर्यंत पूर्ण बाहेर ओढावी, कारण गुंडाळलेली वायर तापते. लाल खुणेच्या पुढे मात्र ओढू नये. हवेची वाट मोकळी असूनही यंत्र थांबत थांबत चालत असेल, आत ठिणग्या दिसत असतील किंवा जळका वास येत असेल, तर मोटरचे कार्बन ब्रश, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, झिजले असण्याची शक्यता असते. मोटर वाइंडिंगच्या दुकानात ते बदलून मिळतात आणि तेवढ्यासाठी नवे यंत्र घेण्याची गरज नसते.

काम झाल्यावर पिशवी रिकामी करावी, नळी मुडपणार नाही अशी सैल गुंडाळावी आणि यंत्र दमट कोनाड्याऐवजी कोरड्या कपाटात ठेवावे, जिथे उंदीर वायर कुरतडणार नाहीत. सुट्या भागांसाठी बाजारात जाताना जुनी पिशवी सोबत न्यावी आणि यंत्राच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा, कारण दिसायला सारखी असलेली पिशवी तोंडाशी घट्ट बसत नसेल तर धूळ थेट फिल्टरवर जाते.