वाड्यात कचेरी थाटण्याआधी

पुण्याच्या विश्रामबागवाड्यात पेशव्यांनंतर १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरली, पुढे नगरपालिकेची कचेरी आली. असा वापर बदलताना घात होतो तो बहुधा सिमेंटच्या गिलाव्याने. तो ओल भिंतीत कोंडतो, मग विटा भुसभुशीत होतात, तुळयांची भिंतीतली टोकं कुजतात. म्हणून आधी तो उतरवा. टोकं टोच्याने तपासा. टोचा सहज रुतला तर सुतार बोलवा, रंगारी नंतर.

नवा गिलावा चुन्याचा करा. त्यासाठी विझवलेला चुना किमान १५ दिवस पाण्याखाली मुरवा. १ भाग चुना, ३ भाग चाळलेली वाळू. भिंत भिजवून १० ते १२ मिलिमीटरचा थर द्या आणि आठवडाभर ओलसर ठेवा. उन्हात झटपट वाळला की तडे जातात.

फायलींची जड कपाटं माडीच्या मधोमध नकोत, भिंतीलगत ठेवा.