सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी इंग्लिश शब्दांची तयारी, काय काय लावून ठेवायचं

नवीन सेमिस्टरला अजून चार-आठ दिवस असतील तर आत्ताच प्रत्येक विषयाचं पुस्तक शेवटून उघडा, म्हणजे ग्लॉसरी आणि इंडेक्सची पानं, आणि जे शब्द बघून "हा, ऐकलाय कुठेतरी" एवढंच वाटतं त्यांच्यावर पेन्सिलने खूण करत जा. एकदम अनोळखी शब्दावर आपण निदान थांबतो तरी, पण या अर्धवट ओळखीच्या शब्दांवरून नजर सरळ पुढे सरकते आणि चॅप्टर वाचून झाला तरी डोक्यात काही राहत नाही. त्यातही एक वेगळी यादी हवीच, रोजच्या बोलण्यातले पण त्या विषयात अर्थ बदलणारे शब्द, म्हणजे फिजिक्समधलं 'वर्क', इकॉनॉमिक्समधलं 'इलॅस्टिक', कॉन्ट्रॅक्टच्या कायद्यातलं 'कन्सिडरेशन'. स्टॅटिस्टिक्समध्ये 'सिग्निफिकंट' म्हटलं की फरक मोठा किंवा महत्त्वाचा आहे असं नसतं, निव्वळ योगायोगाने तो तेवढा दिसण्याची शक्यता कमी आहे एवढंच असतं, आणि हे माहीत नसेल तर रिसर्च पेपरचा निष्कर्षच उलटा वाचला जातो.

दुसरी यादी सगळ्या विषयांत येणाऱ्या शब्दांची, अझ्यूम, कॉन्सेप्ट, कॉन्टेक्स्ट, इंडिकेट असले. ती स्वतः बनवायची गरज नाही, भाषा-अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट म्हणून प्रसिद्ध केलीये, त्यात ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं) आहेत आणि जास्त वापरातली आधी अशा क्रमाने १० भाग पाडलेत, पहिल्या भागात ६०. तिथून सुरुवात करा, आणि शब्द उतरवताना अख्खं कुटुंब उतरवा, अ‍ॅनलाइज, अ‍ॅनालिसिस, अ‍ॅनालिटिकल, कारण लिहायला बसल्यावर आपण अडतो ते क्रियापदाचं नाम काय होतं इथेच.

किती शब्द घ्यायचे? कमी. खरंच कमी, रोज पाच-सात नवीन पुरे. डिक्शनरी 'ए'पासून पाठ करायला घेणारी मुलं महिन्याभरात सोडून देतात आणि मग आपली मेमरीच वाईट असं समजून बसतात, ते बघून फार वाईट वाटतं. वाचनाचं गणितही समजून घ्या, पानावरचे ९५ टक्के शब्द येत असले तरी दर वीस शब्दांमागे एक अडतो, म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर १५ अडथळे, आणि ९८ टक्के येत असतील तर सहाच. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशोबाप्रमाणे इंग्लिश कादंबरी किंवा वर्तमानपत्र या ९८ टक्क्यांनी वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात. म्हणून सगळं एकदम गोळा करण्यापेक्षा आपल्याच पुस्तकांत परत परत येणारे शब्द आधी, एकदाच दिसलेला दुर्मिळ शब्द खुशाल सोडून द्या.

आता कार्ड. कागदाची घ्या किंवा अँकीसारखं फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप घ्या, पण नुसती शब्द डावीकडे अर्थ उजवीकडे अशी वही नको, कारण त्यात उत्तर समोरच दिसत असतं आणि आपल्याला वाटतं येतंय. एका कार्डावर एकच शब्द, मागे अर्थ आपल्या भाषेत, पुस्तकात तो आला ते वाक्य, आणि तो कोणाबरोबर येतो ते, म्हणजे 'रिसर्च' हा 'कंडक्ट' किंवा 'कॅरी आउट' होतो, 'मेक' होत नाही. उच्चार ऐकून घ्या, नाहीतर लेक्चरमध्ये तोच शब्द कानावर पडला तरी ओळखू येत नाही. आणि कार्ड दोन्ही बाजूंनी विचारायचं, शब्द बघून अर्थ सांगता येतो तेवढ्याने वाचता येईल, लिहायचं असेल तर अर्थ बघून शब्द आठवायला हवा, आणि हे दुसरं जास्त अवघड आहे. उत्तर उलटायच्या आधी दोन-चार सेकंद डोकं खाजवायचं, तो जो त्रास होतो ना आठवताना, त्यानेच शब्द पक्का होतो, नुसतं पुन्हा पुन्हा वाचल्याने नाही.

उजळणीचं वेळापत्रक आधीच लावा. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने जातं आणि नंतर गळती मंदावते, त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीनेक दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. कागदी कार्डं असतील तर सेबास्टियन लाइटनर यांची डब्याची पद्धत वापरा, पाच कप्पे करायचे, उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की सरळ पहिल्या कप्प्यात, आणि पहिला कप्पा रोज, शेवटचा क्वचित.

सारखे दिसणारे किंवा अर्थाने जवळचे शब्द मात्र एकाच दिवशी घेऊ नका, हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट', 'हायपर' आणि 'हायपो' अशा जोड्या एकत्र शिकल्या की दोन्ही आठवतात पण कुठला कोणता तेच कळत नाही. आधी एक पक्का करा, आठवडाभराने दुसरा. मुळं-प्रत्ययही थोडे करून ठेवा, विशेषतः मेडिकल आणि बायोलॉजीवाल्यांनी, 'आयटिस' म्हणजे दाह एवढं कळलं की हेपटायटिस, आर्थ्रायटिस, गॅस्ट्रायटिस सगळे अर्धे सुटतात. फक्त मुळावरून काढलेला अर्थ डिक्शनरीत एकदा तपासा, आणि डिक्शनरी लर्नर्सवाली, म्हणजे भाषा शिकणाऱ्यांसाठीची घ्या, तिच्यात अर्थ सोप्या शब्दांत असतो.

शिकलेला शब्द त्याच आठवड्यात वापरायचा, असाइनमेंटमध्ये, ग्रुपमध्ये मित्राला टॉपिक समजावताना, कुठेही.

आणि जुने पेपर मिळवून प्रश्नातली क्रियापदं वेगळी काढा. 'डिस्क्राइब'ला वर्णन पुरतं, 'कंपेअर'ला साम्य-फरक लागतात, 'इव्हॅल्युएट'ला बाजू तोलून आपलं मत द्यावं लागतं, आणि सगळं येत असूनही भलतंच उत्तर लिहून मार्क घालवणारी मुलं खूप आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री नवीन शब्द अजिबात नाही, फक्त पहिल्या दोन कप्प्यांतली कार्डं काढा. पेपर झाल्यावर गठ्ठा फेकू नका, पुढच्या सेमिस्टरला निम्मे शब्द परत येतात, शेवटच्या कप्प्यात तसेच राहू द्या आणि सुट्टीत एकदा चाळा.