चित्रं आणि श्रोते एकाच छताखाली: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

जुन्या दगडी वास्तूत संग्रहालयही चालवायचं आणि मैफलीही भरवायच्या, असं काम हाती येणार असेल तर आधी एस्टोनियाची राजधानी तालिन इथलं निगुलिस्ते चर्च अभ्यासा. मूळ तेराव्या शतकातलं, १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जळालेलं, १९८४ पासून कलासंग्रहालय आणि संगीत सभागृह. चित्रकार हर्मेन रोडेने पंधराव्या शतकात घडवलेला वेदीमागचा रंगीत लाकडी चित्रफलक आणि ऑर्गन ऐकायला आलेले श्रोते तिथे एकाच हवेत असतात. खरी अडचण त्या हवेची.

शांत बसलेला माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. ३०० श्रोते दोन तास बसले की ३० लिटर! दालन ८,००० घनमीटरचं, बंद आणि २० अंशांवर असेल, भिंतींनी काही शोषलं नाही, तर सापेक्ष आर्द्रता (हवा धरू शकेल त्यातलं किती टक्के बाष्प तिच्यात आहे ते) ३० टक्क्यांची साधारण ५० होते. लाकूड फुगतं, त्यावरचा, रंगाखालचा खडू-सरसाचा थर तितका ताणला जात नाही, आणि रंगाचे पोपडे सुटतात.

आपल्या सोलापुरात याहून मोठा धोका कूलरचा. एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता अनेकदा २५ टक्क्यांच्या आसपास असते. कार्यक्रमापुरते भाड्याने कूलर लावले की ती झपाट्याने ६० कडे जाते आणि बंद केल्यावर रात्रीतून परत उतरते. लाकडी चित्राची खरी हानी या चढउतारात होते. महिन्याची सरासरी ५० आली म्हणून निर्धास्त राहू नका. सरासरीत ती एक रात्र दिसतच नाही. कूलर चित्रांच्या दालनात नकोच. हवा खेळती ठेवा, श्रोत्यांची संख्या कमी करा.

आर्द्रतेचं नोंदयंत्र दर १५ मिनिटांनी नोंद घेईल असं लावा: एक चित्रामागे, एक दाराशी, एक छताजवळ. वर्षभर. आधी ते तपासा: घट्ट झाकणाच्या बरणीत ओलसर मिठाची वाटी आणि यंत्र, मीठ यंत्राला न लागता, २४ तास ठेवा. २५ अंशांना आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. हे जमायला पदवी लागत नाही, घाबरू नका. शिकायचं मात्र शिडीवर चढून चित्राची मागची बाजू बघणाऱ्याकडे; नुसते नकाशे बघणाऱ्याकडे वर्षं वाया जातात.

आवाजाचं थोडक्यात. घुमणं मोजताना टाळी वाजवून अंदाज बांधू नका, आणि रिकाम्या दालनाचा आकडा भरलेल्या दालनाला लावू नका. भिंतीला चिकटवलेले जाड पडदे फक्त वरचे स्वर खातात. डग्गा तसाच घुमत राहतो आणि ख्यालाचे बोल बुडतात. पडदा भिंतीपासून वीतभर पुढे टांगा, खर्जासाठी पोकळी असलेले लाकडी फलक वेगळे लावा.