म्युझियमला माणसं घेताना 'आपलाच पोरगा हाय' चालत नाय

कोल्हापुरात कुणाला कामाला घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न, कुठल्या पेठेतला, कुठल्या तालमीचा, मग कोणतरी म्हणतं आपलाच पोरगा हाय आणि झालं सिलेक्शन. बाकी ठिकाणी ठीकाय, पण मे महिन्यात न्यू पॅलेस, टाऊन हॉल, कणेरी मठ, इथल्या कुठल्याबी म्युझियमला बघा, पोरं पुढं पळालेली असतात आणि आईबाप मागं फोटो काढत असतात. तेवढ्यात पोरगं सापडतं ते गाइडला, व्हॉलंटिअरला नायतर सिक्युरिटीवाल्याला.

मी एका छोट्या म्युझियमला दोन सीझन व्हॉलंटिअर घ्यायचं काम बघितलं, त्यातनं सांगतो, पोरांजवळ जाणारी ही माणसं कशी पारखायची.

आधी पोलीस व्हेरिफिकेशन. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा, त्याचे २०२० चे नियम सांगतात की मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेनं स्टाफचं व्हेरिफिकेशन ठराविक काळानं परत परत करायचं, कॉन्ट्रॅक्टवरचे पण त्यात आले. म्हणजे झाडूवाले, पार्किंगवाले, कॅन्टीनवाले सगळे. आम्ही व्हॉलंटिअरनाबी तेच लावलं, एकच दिवस येणारा असला तरी. लैंगिक गुन्हेगारांचा देशपातळीवरचा डेटाबेस २०१८ पासून आहे पण तो फक्त पोलिसांनाच बघता येतो, म्हणून पोलीस स्टेशनची वाट चुकवायची नाय. आणि सर्टिफिकेट क्लीन आलं म्हणजे एवढंच की आजपर्यंत कुठं नोंद नाय.

खरं काम फोनवर होतं. कामाला येणाऱ्यानं आधी जिथं काम केलंय त्या दोन ठिकाणी स्वतः फोन लावा, त्यानं दिलेल्या मित्राच्या नंबरवर नको, संस्थेच्या ऑफिसला. एकदा पलीकडचे साहेब "चांगलाय, चांगलाय" करत होते, मी विचारलं परत घ्याल का, तर दोन-तीन सेकंद शांतता आणि मग "आता जागा नाय हो." त्याला घेतलं नाय. नाव सुचवणारे आमचे पाहुणेच, ते अजून लग्नात भेटले की तोंड फिरवतात.

इंटरव्ह्यूला एक प्रश्न विचाराच, पोरगं एकटं रडत सापडलं तर काय करशील? जागेवरच थांबून दुसऱ्या स्टाफला बोलवीन म्हणाला तर बरं. उचलून चॉकलेट आणायला बाहेर नेईन म्हणाला तर लगेच वाईट समजू नका, समजावून सांगा, पण सांगूनबी "त्यात काय होतंय" म्हणत असेल तर नमस्कार करायचा.

घेतल्यावर पहिले काही आठवडे जुन्या माणसाबरोबरच ड्युटी. मुलाजवळ एकटं कुणीच नाय, मॅनेजरसुद्धा. टॉयलेटला आईबापच नेणार. पोरांचे फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये नकोत, यावर आमच्याकडं कॉलेजची पोरं लई कुरकुरली, स्टेटसला काय ठेवायचं म्हणून.

तक्रार आली तर मीटिंग लावून, म्युझियमचं नाव जाईल म्हणून आत मिटवायची नाय. पोक्सोत पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबला तर त्याला स्वतःला १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ११२ किंवा चाईल्डलाईन १०९८ ला फोन लावा, पोराला चार जणांनी चार वेळा तेच विचारू नका, आणि त्याचं नाव स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा टाकू नका.