विदर्भाच्या मे महिन्यात टिकणारा ३० वॉटचा लिनियर

लिनियर म्हणजे हॅम रेडिओच्या ट्रान्समीटरचा सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर. दोन आयआरएफ ५१० मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) पुश-पुल, म्हणजे आळीपाळीने काम करतील असे, जोडले की २४ व्होल्टवर ७ मेगाहर्ट्झला ३० वॉट मिळतात. सर्किट सोपं आहे. अवघड आहे ते उन्हाळ्यात त्याला जगवणं. डेटाशीटमधली ताकद २५ अंशांची असते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६ वर जातो, तेव्हा हिशेब ४६ पासूनच मांडा.

३० वॉट बाहेर पाठवताना साधारण तेवढीच उष्णता तयार होते, म्हणजे एका मॉस्फेटवर १५ वॉट. चिपपासून हीटसिंकपर्यंत, मधला वीज अडवणारा अभ्रकाचा तुकडा धरून, वॉटमागे ४.५ अंश, झाले ६७. हीटसिंकवर दोघांचे मिळून ३० वॉट, तो वॉटमागे २ अंशांचा असेल तर आणखी ६०. मूळचे ४६ धरून बेरीज १७३, आणि मॉस्फेटची मर्यादा १७५! ८० मिमीचा कॉम्प्युटरचा पंखा लावून हीटसिंक १ अंशावर आणलात तर बेरीज १४३ वर येते. टिनाच्या खोलीत वर चार-पाच अंश धरा.

मॉस्फेटचा टॅब (मागचा धातूचा पत्रा) म्हणजेच ड्रेन, म्हणजे सप्लायचा व्होल्टेज येणारं टोक, म्हणून खाली अभ्रक आणि स्क्रूला नायलॉनचा बुश हवाच. भोकाच्या कडेला राहिलेला बारीक कीस अभ्रक फोडतो. मोठं ड्रिल बिट हाताने फिरवून कडा साफ करा. पेस्ट दोन्ही बाजूंनी, अगदी पातळ. मग टॅब आणि हीटसिंकमध्ये मल्टिमीटर लावा. बीप वाजली तर पुन्हा उघडा. सप्लायला ४ अँपिअरचा फ्यूज टाका.

बायसचे, म्हणजे सिग्नल नसतानाचा करंट ठरवणारे, दोन्ही प्रीसेट (छोटे फिरते रेझिस्टर) शून्यावर ठेवून सुरुवात करा आणि एकेका मॉस्फेटला ५० मिलिअँपिअर द्या. मॉस्फेट तापला की गेटच्या (नियंत्रणाच्या टोकाच्या) त्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढतो, त्याने आणखी तापतो आणि शेवटी जातो. म्हणून बायस डिव्हायडरच्या (गेटला व्होल्टेज वाटून देणाऱ्या रेझिस्टरच्या साखळीच्या) खालच्या बाजूला दोन १एन४१४८ डायोड सिरीजमध्ये घालून हीटसिंकला चिकटवा. ते तापले की गेटचा व्होल्टेज उतरतो.

कूलरच्या झोतात लिनियर ठेवू नका. घरात कापूस साठवलेला असला की त्याची तूस ओल्या हवेत फिनमध्ये लगदा होऊन बसते, आणि खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचे शिंतोडे पीसीबीवर क्षार सोडतात. पंख्यापुढे मच्छरदाणीची जाळी लावा, पंधरा दिवसांनी झटका. पंखा चालू करणारा थर्मल स्विच ६० अंशांचा घ्या. ४५ चा इथे दुपारभर बंदच होणार नाही.

चाचणी भर दुपारी घ्या. १ किलो-ओम, २ वॉटचे २० रेझिस्टर पॅरलल जोडले की ५० ओमचा, ४० वॉटचा डमी लोड, म्हणजे चाचणीत अँटेनाऐवजी जोडायचा भार, तयार होतो. पाच मिनिटं ट्रान्समीटरची की (बटण) दाबून ठेवा, सोडा आणि लगेच बायस करंट मोजा. ५० चा ९० झाला असेल तर डायोड हीटसिंकला नीट टेकलेले नाहीत.

परवान्यातल्या पॉवरच्या मर्यादेत राहा, आणि लो-पास फिल्टरशिवाय (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या फिल्टरशिवाय) अँटेना जोडू नका: पुश-पुलचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीची तिप्पट, थेट २१ मेगाहर्ट्झच्या हॅम बँडवर पडतो.